ताऱ्यांच्या जन्मातला उलटा वारा

मृग नक्षत्रातल्या एका लहानशा तेजोमेघाची दोन छायाचित्रे जॉर्ज हर्बिग यांच्यासमोर होती. एक १९४७ चे, दुसरे १९५४ चे. जुन्यात ताऱ्यासारखे तीन ठिपके होते, नव्यात पाच. ताऱ्यांचे आयुष्य कोटी-अब्ज वर्षांत मोजणाऱ्या शास्त्रात अवघ्या सात वर्षांत दोन ठिपके नव्याने उगवणे ही विलक्षण घटना होती. माणसाने पहिल्यांदाच ताऱ्यांचा जन्म पाहिला असावा, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला.

ते तारे नव्हते. धुळीआड दडलेल्या एका ताऱ्याने वायू वेगाने दूर फेकला होता. हा वायू ज्या ठिकाणी दुसऱ्या वायूवर आदळून उजळला, ते हे ठिपके होते. तारा खुद्द त्या जागी नव्हता, जवळपास अर्धे प्रकाशवर्ष लांब होता. तरीही त्या छायाचित्रांचा ताऱ्याच्या जन्माशी अगदी जवळचा संबंध होता, फक्त तो कोणाच्या कल्पनेत नव्हता. जन्मणारा तारा भोवतालचा वायू गोळा करतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो त्याच वेळी वायू बाहेर उधळतो, आणि उधळल्याशिवाय त्याला गोळा करता येत नाही, हे समजायला पुढची तीस-चाळीस वर्षे लागली. हा उशीर का झाला आणि समज कशी बदलत गेली, हे मला खगोलशास्त्राच्या इतिहासातले फार शिकण्यासारखे प्रकरण वाटते.

उशिराचे मूळ एका बरोबर कल्पनेत आहे. वायूचा विरळ ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्यातून सूर्य व ग्रह घडतात, हे कांट आणि लाप्लास अठराव्या शतकात सांगून गेले होते. ढग किती थंड आणि किती जड असला म्हणजे आकसू लागेल, याचे गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडले. १९६९ मध्ये रिचर्ड लार्सन यांनी ही कोसळण्याची क्रिया संगणकावर पायरीपायरीने सोडवली. १९७७ मध्ये फ्रँक शू यांनी दाखवले की गाभा आतून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने एकेक थर ढासळत जातो. ही सारी मांडणी आजही टिकून आहे. पण तिच्यात वायूला एकच दिशा होती, आत. साहजिकच वेध घेणारेही आत पडणारा वायू शोधत होते. दुसरे काही दिसले, तर ते ठेवायला त्यांच्यापाशी कप्पाच नव्हता.

आणि दुसरे काही दिसत होतेच, १८९० पासून. शेरबर्न वेस्ली बर्नहॅम हे शिकागोच्या न्यायालयात कारकुनी केलेले गृहस्थ जोडताऱ्यांच्या निरीक्षणात निष्णात होते. लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून त्यांनी वृषभ राशीतला टी टॉरी हा तारा पाहिला, तेव्हा त्याला चिकटून एक इवलासा, लांबट तेजोमेघ दिसला. त्यांनी नोंद केली. पुढे ५० हून अधिक वर्षे तिचे कोणी काही केले नाही. १९४५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतल्या आल्फ्रेड जॉय यांनी टी टॉरीसारख्या, तेज अनियमित बदलणाऱ्या आणि काळ्या ढगांच्या आसपास आढळणाऱ्या ताऱ्यांचा वेगळा गट केला. हे तारे अगदी तरुण आहेत, हे हळूहळू पटत गेले. १९६४ मध्ये लेनर्ड कुही यांनी त्यांच्या वर्णरेषांवरून दाखवले की ते वायू गमावत आहेत. तरुण ताऱ्यांवरून वारा वाहतो, इथपर्यंत समज आली. पण तो चहूबाजूंनी सारखाच सुटणारा, ताऱ्याच्या घडणीशी विशेष संबंध नसलेला वारा मानला गेला.

दरम्यान हर्बिग आणि मेक्सिकोच्या तोनांत्सिंत्ला वेधशाळेतले गियेर्मो आरो हे दोघे एकमेकांना ठाऊक नसताना एकाच कोड्यापाशी पोहोचले होते. आरो यांचे शिक्षण कायदा आणि तत्त्वज्ञानाचे. खगोलशास्त्रात ते आडवाटेने आले आणि वेधशाळेच्या श्मिट कॅमेऱ्यावर बसून तरबेज झाले. १९४९ च्या डिसेंबरात ॲरिझोनातल्या टूसॉन इथे एका परिषदेत दोघांची भेट झाली, आणि आपण एकाच प्रकारच्या वस्तूंवर काम करतो आहोत हे त्यांना कळले. मृगातल्या एनजीसी १९९९ या तेजोमेघाजवळचे ते धूसर ठिपके हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधकाच्या ठरावीक वर्णरेषांत चमकत होते. वायू असा चमकवायचा, तर शेजारी एखादा अतितप्त निळा तारा हवा. तिथे तसा तारा नव्हता. कित्येक ठिपक्यांपाशी तर कोणताच तारा दिसत नव्हता. मग उजेड कशाचा?

अर्मेनियातल्या ब्युराकान वेधशाळेचे व्हिक्टर अम्बार्त्सुम्यान यांनी १९५४ मध्ये या ठिपक्यांना 'हर्बिग-आरो वस्तू' (थोडक्यात एचएच) हे नाव दिले. त्यांच्या मते ती टी टॉरी ताऱ्यांच्याही आधीची, अगदी पहिली अवस्था होती. अम्बार्त्सुम्यान यांचा उल्लेख या इतिहासात थांबून करायला हवा. तारे विरळ ढग आकसून बनत नाहीत, तर अतिघन अशा आद्य द्रव्याच्या प्रसरणातून बाहेर पडतात, अशी त्यांची धारणा होती. ती धारणा पुढे टिकली नाही. पण सारे जग फक्त आत पाहत असताना ताऱ्याच्या जन्मात बाहेर जाणारे काहीतरी आहे, ही शंका बोलून दाखवणारे ते जवळपास एकटे होते. त्यांचे कारण चुकीचे होते आणि निरीक्षणाची दिशा बरोबर होती. चुकलेल्या सिद्धान्ताबरोबर त्याच्या मागची बरोबर शंकाही बाजूला पडली, याचे मला वाईट वाटते.

कोड्याची पहिली कडी १९७५ मध्ये सुटली. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी टी टॉरीजवळच्या त्या जुन्या तेजोमेघाचा आणि हर्बिग-आरो वस्तूंचा वर्णपट तपासला, आणि त्यांना तो स्फोट पावलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांसारखा वाटला. त्या अवशेषांत वायू तापतो तो ताऱ्याच्या प्रकाशाने नव्हे, तर आघाताने. वेगवान वायू संथ वायूवर आदळला की धक्कातरंग उठतो, वायू हजारो अंशांपर्यंत तापतो आणि निवताना नेमक्या त्याच रेषांत प्रकाश टाकतो. तप्त ताऱ्याची गरजच उरत नाही. तरुण ताऱ्याचा जोरदार वारा आणि त्याच्या वाटेतला वायू, एवढ्यावर काम भागते.

मग ठिपक्यांची चाल मोजली गेली. आकाशातली वस्तू वर्षानुवर्षांच्या छायाचित्रांत किंचित सरकते. त्या सरकण्यावरून तिची दिशा आणि वेग काढता येतो. काइल कडवर्थ आणि हर्बिग यांनी १९७९ मध्ये वृषभेतल्या एचएच २८ आणि एचएच २९ या दोन ठिपक्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. दोन्ही सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने धावत होते, आणि त्यांच्या वाटा मागे नेल्या तर त्या एका अवरक्त उगमापाशी जाऊन मिळत होत्या. आयआरएस ५ हा तो उगम, एल १५५१ नावाच्या काळ्या ढगात पुरता गाडलेला तारा. १९८१ मध्ये हर्बिग आणि बर्टन जोन्स यांनी मृगातल्या मूळ जोडीचे, एचएच १ आणि एचएच २ यांचे मोजमाप दिले. ते दोघे एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध दिशांना पळत होते. ज्या एचएच २ मध्ये कधी काळी 'जन्मलेले तारे' दिसले होते, ते धावत्या वायूचे पुंजके ठरले. हा निकाल खुद्द हर्बिग यांच्याच हातून लागला. स्वतःच्या गाजलेल्या निरीक्षणाचा अर्थ तीन दशकांनी स्वतःच मोजून बदलणे, हे संशोधकाच्या आयुष्यातले मोठे काम आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

एल १५५१ ढगात याच सुमारास दुसऱ्या वाटेनेही एक शोध लागत होता. तारे जन्मतात त्या ढगांत मुख्यतः हायड्रोजनचे रेणू असतात. हे ढग इतके थंड असतात, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दहा अंश वर, की त्या तापमानाला हायड्रोजनचा रेणू मुका असतो. त्याच्याकडून संदेश येत नाही. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास यांनी किट पीकवरच्या दुर्बिणीने मृगाच्या तेजोमेघातून कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेषा पकडली, तेव्हा या ढगांना वाचा फुटली. हा वायू हायड्रोजनच्या तुलनेत अत्यल्प असतो, पण थंडीतही बोलतो. त्याची रेषा डॉप्लर परिणामाने किती सरकली यावरून ढगातला वायू आपल्याकडे येतो की दूर जातो, हे कळते.

शांत ढगात ही रेषा अरुंद असते, सेकंदाला एक-दोन किलोमीटर रुंदीची. १९७६ मध्ये मृगातल्या एका दाट भागात तिला दोन्ही बाजूंना लांबच लांब पंख फुटलेले दिसले. म्हणजे काही वायू याच्या दहापट, वीसपट वेगाने हलत होता. पण रुंद रेषा एवढेच सांगते की वेग पुष्कळ आहेत. वायू आत पडत असला, बाहेर जात असला किंवा गरगर फिरत असला, तरी एका ठिकाणची रेषा साधारण तशीच रुंदावू शकते. तिच्याकडे पाहून दिशा ठरवणे अवघड असते.

म्हणूनच या साऱ्या प्रवासातले निर्णायक वर्ष मी १९८० मानतो. टेक्सासमधल्या मिलिमीटर-तरंगांच्या दुर्बिणीने रोनाल्ड स्नेल, रॉबर्ट लोरेन आणि रिचर्ड प्लॅम्बेक यांनी एल १५५१ ढगाची ठिकठिकाणी मोजणी करून नकाशा तयार केला. आपल्याकडे येणारा, नीलसृती दाखवणारा वायू एका बाजूला काढला, दूर जाणारा, ताम्रसृती दाखवणारा दुसऱ्या बाजूला. आत पडणाऱ्या किंवा गोल पसरणाऱ्या वायूत हे दोन्ही एकमेकांवर पडलेले दिसायला हवे होते. नकाशावर ते स्वच्छ वेगळे निघाले. येणारा वायू आयआरएस ५ च्या नैर्ऋत्येला, जाणारा ईशान्येला. मध्ये तारा आणि दोन्हीकडे लांबट पाकळी. एचएच २८ आणि २९ हे धावते ठिपके नैर्ऋत्येच्या पाकळीतच पडत होते. ताऱ्याचा वारा दोन विरुद्ध दिशांना सुटतो, ढगाचा वायू पुढे लोटत नेतो आणि वाटेत आदळून ठिपके उजळतो. हर्बिग आणि आरो यांचे प्रकाशचित्रांतले कोडे आणि रेडिओ-दुर्बिणीतले रुंद पंख हे एकाच गोष्टीचे दोन भाग ठरले. त्याच वर्षी लुईस फेलिपे रोद्रिगेझ, पॉल हो आणि जेम्स मोरन यांनी वृषपर्वा तारकासमूहातल्या सेफियस-ए इथे असाच दुहेरी प्रवाह दाखवला. नकाशा काढण्याचे काम कंटाळवाणे असते, त्याला फारसे वलय नसते. इथे सारे त्यानेच ठरवले.

मृगातल्या त्या पहिल्या रुंद पंखांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. तिथला वायू आज वेगळ्या प्रकारचा मानला जातो. सुमारे ५०० वर्षांपूर्वी तिथे काही जड तरुण तारे एकमेकांच्या फार जवळ येऊन उधळले गेले आणि त्या धुमश्चक्रीत वायू स्फोटासारखा चौफेर फेकला गेला, असे त्या ताऱ्यांच्या आजच्या गतींवरून दिसते. ज्या उदाहरणावरून शोध सुरू झाला ते अपवाद निघाले आणि नियम दुसरीकडे सापडला. विज्ञानात असे बऱ्याचदा घडते.

१९८० नंतर जिथे पाहावे तिथे हे प्रवाह दिसू लागले. जॉन बॅली आणि चार्ल्स लाडा यांनी १९८३ मध्ये केलेल्या पाहणीने सिद्ध झाले की ही चार-दोन ताऱ्यांची लहर नाही, ती तरुण ताऱ्यांची रीत आहे. मग प्रश्न आला जोराचा. ताऱ्याचा प्रकाश वायूला ढकलतो, पण हिशेब केल्यावर प्रवाहांचा जोर प्रकाशाच्या एकूण रेट्याहून शेकडो पट भरला. एवढा रेटा देणारा दुसरा उगम हवा होता.

उत्तर आले ते एका जुन्या अडचणीतून, आणि इथे ही सारी कल्पना फिरली. ती अडचण अशी. ढगाचा गाभा ताऱ्याएवढा होईपर्यंत दहा लाख पटींहून अधिक आकसतो. सुरुवातीला तो इतका सावकाश फिरत असतो की एका फेरीला काही दशलक्ष वर्षे लागावीत. पण कोनीय संवेग टिकून राहतो, आणि आकसत जाणारी वस्तू अधिकाधिक वेगाने फिरते. सारा संवेग तसाच राहिला, तर ताऱ्याएवढे होण्याच्या कितीतरी आधी ते फिरणेच गुरुत्वाकर्षणाला रोखून धरील. वायू ताऱ्याभोवती चकती करून फिरत राहील, ताऱ्यात पडणार नाही. तारा होणारच नाही. प्रत्यक्षात तारे होतात, आणि तरुण ताऱ्यांना एका फेरीला चांगले काही दिवस लागतात. आपल्या सूर्यमालेतले ९९.८ टक्के वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेग दोन टक्क्यांहूनही कमी. बाकीचा बहुतांश ग्रहांपाशी आहे. ढगाचा मूळ संवेग तर याहून कितीतरी मोठा असणार. तो कुठे तरी गेला. कोणीतरी तो वाहून नेला.

रॉजर ब्लँडफर्ड आणि डेव्हिड पेन यांनी १९८२ मध्ये कृष्णविवरांभोवतीच्या चकत्यांसाठी एक यंत्रणा सुचवली, आणि राल्फ पुड्रिट्झ व कॉलिन नॉर्मन यांनी पुढच्याच वर्षी ती जन्मत्या ताऱ्यांना लावली. चकतीतून चुंबकीय रेषा वर येतात आणि बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात. चकतीतला थोडा वायू त्या रेषेवर चढला की रेषा त्याला आपल्याबरोबर फिरवते. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलताना गोफण फिरवतात आणि दोरीचे एक टोक सोडताच धोंडा सुटतो, तसा हा वायू रेषेवरून बाहेर फेकला जातो. जाताना तो चकतीचा कोनीय संवेग घेऊन जातो. संवेग हरवलेला उरलेला वायू मग आत सरकतो आणि ताऱ्यात पडतो. वरती ताणलेल्या, पिळलेल्या चुंबकीय रेषा त्या बाहेरच्या वायूला आवळून अरुंद झोत करतात.

या मांडणीत बाहेर जाणारा वायू ताऱ्याच्या जन्मातली अडचण राहत नाही, जन्माची अटच होते. आत आलेल्या दर दहा भागांमागे साधारण एक भाग बाहेर फेकला जातो, आणि तो एक भाग उरलेल्या नवांची वाट मोकळी करतो. ज्यांना फक्त आत जाणारा वायू हवा होता, त्यांना बाहेर जाणाऱ्याने उत्तर दिले. आणि आत पडणाऱ्या वायूचे काय? त्याची खात्रीलायक खूण गरुड तारकासमूहातल्या बी ३३५ या गाभ्यात १९९३ मध्ये मिळाली. ज्याची अपेक्षा दोनशे वर्षे होती ते, ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती त्याच्यानंतर १३ वर्षांनी हाती आले. पडणारा वायू संथ असतो, लहान जागेत असतो, त्याची खूण रेषेच्या आकारात बारीकशी दडलेली असते. बाहेरचा वायू मात्र ढगातून प्रकाशवर्षभर पसरतो.

झोत मुळातच अरुंद असतो, की चौफेर वाऱ्याला बाहेरचे काहीतरी आवळते, यावर काही काळ वाद झाला. ताऱ्याभोवतीचे दाट वायूचे मोठे कडे वाऱ्याला दोन बाजूंनी वाट देते, असे आरंभी अनेकांना वाटे. रेन्हार्ड मुंट आणि योसेफ फ्रीड यांनी १९८३ मध्ये तरुण ताऱ्यांतून निघणारे सुईसारखे झोत दाखवले, तेव्हापासून हे मत मागे पडू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हबल दुर्बिणीने घेतलेले एचएच ३० चे चित्र पाहिले की शंका राहत नाही. कडेने दिसणारी चकती एका काळ्या पट्टीसारखी, तिच्या वर-खाली उजळलेल्या दोन वाट्या आणि बरोबर मधून काटकोनात निघालेला झोत. हा तारादेखील त्याच एल १५५१ ढगात आहे. २०१४ मध्ये अल्मा दुर्बिणीने जिच्यातली कडी दाखवली ती एचएल टॉरीची प्रसिद्ध चकतीही तिथलीच. हिवाळ्यात रोहिणीचा लालसर तारा ओळखता येत असेल, तर त्याच्या वायव्येला सुमारे दोन अंशांवर, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत इतक्या अंतरावर हा ढग आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, ढग सुमारे ४५० वर.

१९९३ मध्ये फिलिप आंद्रे, डेरेक वॉर्ड-थॉम्पसन आणि मेरी बार्सोनी यांनी भुजंगधारीतल्या एका उगमावरून 'शून्य वर्ग' हा गट सुचवला. ज्यांचे बहुतेक वस्तुमान अजून भोवतालच्या ढगातच आहे, अशा अगदी कोवळ्या ताऱ्यांचा. पुढे सिल्व्हां बोंतां आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सर्वांत जोरदार प्रवाह याच वर्गाचे असतात आणि वय वाढेल तसे ते ओसरतात. तारा जितका जास्त खातो, तितका जास्त फेकतो. झोत सलग नसतो, गाठीगाठींचा असतो, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या गाठी सारख्या अंतरावर असतात. मृगातला एचएच २१२ याचे देखणे उदाहरण आहे. अशी जुळणी दोन्ही बाजूंना योगायोगाने होत नाही. ताऱ्यावर वायू थांबून थांबून, भरात येऊन पडतो, आणि दर भराची खूण दोन्हीकडे उमटते. त्यामुळे झोत मोजला की त्या ताऱ्याने गेल्या शेकडो-हजारो वर्षांत केव्हा किती वायू घेतला, याचा अंदाज बांधता येतो. याच एचएच २१२ च्या झोतात चिन-फेइ ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अल्माने फिरण्याची खूण मोजली. झोत स्वतःभोवती फिरत बाहेर जातो, म्हणजे तो संवेग खरोखरच नेत आहे. त्या फिरण्यावरून झोताचा उगम ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागाइतक्या जवळ असल्याचे निघाले.

इथे पुण्याजवळच्या एका दुर्बिणीचाही वाटा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. ती कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी टिपते. २०१४ मध्ये रेचल एन्सवर्थ यांनी डब्लिनच्या टॉम रे आणि इतर सहकाऱ्यांसह जीएमआरटीने डीजी टॉरी या सूर्यासारख्या तरुण ताऱ्याचा झोत पाहिला. झोतात तापलेला वायू असेल, तर कमी वारंवारतेला त्याचे तेज घटायला हवे. एका ठिकाणी ते उलट वाढलेले आढळले. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन अशी खूण सोडतात. झोत स्वतः सेकंदाला शे-दोनशे किलोमीटर धावतो, प्रकाशाच्या तुलनेत अगदी मंद. पण तो आदळतो त्या धक्क्यात काही कण त्या वेगाला पोहोचत असावेत. संशोधकांनी हा पुरावा प्राथमिक असल्याचे स्वतःच नमूद केले. मृदू, साध्या ताऱ्याच्या जन्मातही विश्वकिरणांसारखे कण तयार होऊ शकतात, ही शक्यता मात्र खोडदच्या तबकड्यांनी पुढे ठेवली.

प्रवाहांचा परिणाम एका ताऱ्यापुरता थांबतो का, हा प्रश्न मला सर्वांत ओढ लावतो. १९७४ मध्येच बेन झुकरमन आणि इतरांनी लक्षात आणून दिले होते की आकाशगंगेतले सारे रेणुमेघ नुसत्या गुरुत्वाने कोसळत असते, तर तारे आहेत त्याहून कितीतरी वेगाने जन्मले असते. काहीतरी ढगांना सावरून धरते. ययातीतल्या एनजीसी १३३३ सारख्या ठिकाणी इतके झोत एकमेकांना छेदून जातात की ढग त्यांनी ढवळून निघालेला दिसतो. जवळपासच्या ताऱ्यांचे प्रवाह ढगाला घुसळत ठेवतात आणि नव्या ताऱ्यांचा जन्म लांबवतात, हा विचार कॉलिन नॉर्मन आणि जोसेफ सिल्क यांनी १९८० मध्येच मांडला होता. दाट समूहांच्या आकारापर्यंत तो मला पटतो. शेकडो प्रकाशवर्षे पसरलेल्या अवाढव्य ढगांना मात्र एवढ्याने सावरता येईल असे वाटत नाही. तिथे चुंबकीय क्षेत्र, मोठ्या ताऱ्यांचा प्रकाश आणि आकाशगंगेचे स्वतःचे घुसळणे यांचा वाटा मोठा असणार. एका गाभ्याच्या पातळीवर मात्र हिशेब साफ दिसतो. गाभ्यातल्या वायूचा साधारण एक तृतीयांश भागच ताऱ्यात जातो, आणि उरलेला उडवून लावण्यात या प्रवाहांचा मोठा हात असतो. तारा किती मोठा होणार, हे त्याने काय घेतले याइतकेच काय फेकले यावरही ठरते. सूर्यही याला अपवाद नसणार.

वेब दुर्बिणीने या सगळ्याला नवे डोळे दिले आहेत. २०२३ मध्ये टॉम रे यांच्याच गटाने तिने घेतलेले ययातीतल्या एचएच २११ चे चित्र प्रसिद्ध केले. सुमारे हजार प्रकाशवर्षांवरच्या या बाळताऱ्याचा झोत इतका कोवळा आहे की तो अजून मुख्यतः रेणूंचा बनलेला आहे. त्याचे धक्के रेणू फोडण्याइतके तीव्र नाहीत. २०२४ मध्ये भुजंगातल्या एका समूहात कित्येक झोत जवळजवळ एकाच दिशेला झुकलेले दिसले. तो सारा समूह एकाच लांबट ढगातून घडला आणि त्या ढगाचे फिरणे त्यातल्या ताऱ्यांनी वारशाने घेतले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. झोत आता ढगाच्या भूतकाळाविषयीही बोलू लागले आहेत.

झोत नेमका कुठून सुटतो, ताऱ्याच्या अगदी लगतच्या काठावरून की चकतीच्या रुंद पट्ट्यातून, यावर अजून एकमत नाही. फ्रँक शू यांनी १९९४ मध्ये पहिला पर्याय मांडला होता, पुड्रिट्झ यांची मांडणी दुसऱ्याच्या बाजूची. माझ्या मते अल्माची मोजमापे दोन्हींना जागा ठेवतात. आतला वेगवान झोत ताऱ्याजवळचा आणि त्याभोवतीचा संथ, रुंद वारा चकतीचा. गेल्या दहा-बारा वर्षांत चकतीच्या वाऱ्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. चकतीतली खळबळच संवेग बाहेर नेते, असे पूर्वी मानत. आता हिशेब सांगतात की चकतीच्या बऱ्याच भागांत ती खळबळ पुरेशी नसते आणि काम वाऱ्यालाच करावे लागते. ग्रहही त्याच चकतीत घडतात, तेव्हा हा वारा ग्रहांच्या कहाणीतही येतो.

मराठीत ताऱ्याच्या जन्मावर लिहिणाऱ्यांना आणि तो शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आकसणाऱ्या ढगाची आकृती काढताना सगळे बाण आत दाखवून थांबू नका. ताऱ्याभोवती चकती काढा, आणि तिच्या वर एक व खाली एक असे दोन बाण बाहेर जाणारेही काढा.